व्होल्टेजचा आकडा आणि परतीचं अंतर

पाण्याखालची स्कूटर म्हणजे डायव्हरला ओढून नेणारं बॅटरीवरचं यंत्र. परतीपुरती बॅटरी उरलीय का हे कळायला तिच्या डिस्प्लेवर व्होल्टेज दिसलं की पुरे, असं काही जण म्हणतात. जुन्या लेड-ॲसिड बॅटरीला ते बऱ्यापैकी चालायचं, लिथियम-आयनला नाही. तिचा सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट दाखवतो, पण मधला मोठा टप्पा ३.६-३.७ च्या आसपास रेंगाळतो आणि शेवटी एकदम कोसळतो. त्यात मोटर चालवणारा ट्रिगर दाबला की आकडा खाली, सोडला की वर. म्हणजे तुम्ही कधी पाहिलंत त्यावर उत्तर बदलणार!

त्यापेक्षा किती करंट किती वेळ गेला याची बेरीज ठेवणारा डिस्प्ले बरा. पासबुकासारखं काम. अर्थात सुरुवातीची शिल्लकच चुकीची धरली तर पुढचं सगळं चूक. बॅटरी जुनी होते तशी क्षमता घटते, म्हणून अधूनमधून किनाऱ्यावर पूर्ण डिस्चार्ज करून पाहायलाच हवं.

मला उरलेल्या बॅटरीच्या टक्क्यांपेक्षा वॅटचा, म्हणजे मोटर त्या क्षणी किती शक्ती खातेय त्याचा, आकडा जास्त उपयोगी वाटतो. वेग दुप्पट करायचा तर साधारण आठपट शक्ती लागते, हे तो आकडा पाहिल्याशिवाय पटत नाही. नेहमीच्याच वेगाला वॅट अचानक चढले तर आधी प्रोपेलरमध्ये दोरी अडकलीय का ते बघावं.

डिसेंबर २००७ मध्ये फ्लोरिडात जॅरॉड जॅब्लोन्स्की आणि केसी मॅकिन्ले हे डायव्हर टर्नर सिंकमधून पाण्याने भरलेल्या गुहेत शिरून सुमारे ११ किलोमीटरवरच्या वाकुला स्प्रिंगला बाहेर पडले, तेही ९० मीटरच्या आसपास खोलीवरून. असल्या गुहांमध्ये स्क्रीन काहीही सांगो, जास्तीची स्कूटर ओढत नेतात.