मदत हवी आहे : झाडीपट्टीच्या नाटकाची टेक्स्ट फाइल आहे, त्यातून प्रत्येकाची नक्कल वेगळी कशी काढू?

नमस्कार मंडळी,

मी झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, वडश्याजवळच्या एका खेड्यात राहते. माझ्या मोठ्या बाबांनी (वडिलांचे थोरले भाऊ) गावच्या मंडळासाठी एक तीन अंकी नाटक लिहिलं होतं. यंदा दिवाळी होऊन धान घरात आलं की मंडळाला ते पुन्हा उभं करायचं आहे. त्याआधी चौदा पात्रांच्या नकला तयार हव्यात.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी : नक्कल म्हणजे एका नटाची वही. त्यात फक्त त्याची वाक्यं आणि प्रत्येक वाक्याआधी समोरच्याच्या बोलण्यातले शेवटचे दोन-चार शब्द, म्हणजे आपली पाळी कधी येते ते कळतं. मोठे बाबा पावसाळाभर कंदिलाशी बसून या वह्या हाताने उतरवायचे. एका नटाचं एक वाक्य सुटलं तर रात्री दहाला सुरू झालेला प्रयोग पहाटे कुठेतरी अडायचाच. म्हणून हे काम मला अगदी नीट करायचं आहे.

नाटक आधी कृतिदेव फाँटमध्ये टाइप केलेलं होतं. ते युनिकोडमध्ये बदललं तेव्हा ऱ्हस्व वेलांट्या आणि रफार भलत्याच अक्षरांवर जाऊन बसले (कृतिदेवमध्ये वेलांटी अक्षराआधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते). दोन महिने बसून ते सुधारलं. आता साधी टेक्स्ट फाइल आहे, ती अशी :

पाटील : (खाटेवर बसत) पानी आन गा, कोनी आहे का घरी?
सखू ः आली जी.

दुसरी ओळ नीट पाहा. तिथे अपूर्णविराम नाही, विसर्ग आहे. टाइप करणाऱ्याने दोन्ही मनाला येईल तसे वापरले आहेत. मी एका झटक्यात सगळ्या विसर्गांचे अपूर्णविराम केले, तर ‘दुःख’ आणि ‘अंतःकरण’सुद्धा बिघडले. नशीब, जुनी प्रत जपून ठेवली होती.

कंसांचंही तेच. बहुतेक कंसांत रंगसूचना आहेत, पण काही ठिकाणी शहरातल्या माणसाला कळावं म्हणून मोठ्या बाबांनी झाडीबोलीतल्या शब्दापुढे अर्थ दिला आहे. गाण्यांना तर काहीच खूण नाही. शिवाय शुद्धलेखन तपासनीस ‘पानी’चं ‘पाणी’ करतो. झाडीबोलीत ‘ण’ बोलतच नाहीत, ते मला बदलू द्यायचं नाही.

एचटीएमएल आणि मार्कडाउन या टेक्स्टमध्ये खुणा करण्याच्या पद्धतींबद्दल वाचलं. मार्कडाउनमध्ये # लावला की शीर्षक होतं, दोन्ही बाजूंना ** लावलं की ठळक. पण ठळक म्हणजे दिसायला कसं ते झालं. मला सांगायचं आहे की हा बोलणारा, ही सूचना, हे गाणं. त्यासाठी नवख्याला जमेल असं काही आहे का?

प्रतिसाद

ताई, तुमचा प्रश्न बरोबर जागी आहे. मार्कडाउन (2004) लेख लिहिण्यासाठी निघालं, त्यात ‘बोलणारा’ अशी खूणच नाही. पटकथांसाठी ‘फाउंटन’ नावाची साध्या टेक्स्टमधली पद्धत आहे, ती वापरा. तिच्यात पात्राचं नाव इंग्रजी मोठ्या (कॅपिटल) अक्षरांत लिहिलं की ओळखलं जातं. देवनागरीत मोठी-लहान अक्षरं नाहीत, म्हणून नावाआधी @ लावायचा. गाण्याच्या प्रत्येक ओळीआधी ~. अंकासाठी # आणि प्रवेशासाठी ##. या # च्या ओळी फक्त आपल्या सोयीच्या, छापील प्रतीत येत नाहीत.

@पाटील
(खाटेवर बसत)
पानी आन गा, कोनी आहे का घरी?

@सखू
आली जी.

नाव एका ओळीवर, वाक्य खालच्या ओळीवर, दोन पात्रांमध्ये एक रिकामी ओळ. अर्थ देणारे कंस आधीच चौकोनी करून टाका, म्हणजे गोल कंस फक्त सूचनांना उरतील. ते मात्र डोळ्यांनीच करावं लागेल.

विसर्गासाठी सरसकट बदल नको. चौदा नावांची यादी करा आणि एकेक नाव घ्या : ‘सखू’, रिकामी जागा (स्पेस), विसर्ग. असं शोधलं की ‘दुःख’ला धक्का लागत नाही, कारण तिथे विसर्गाआधी जागा नसते. नाव ओळीच्या सुरुवातीलाच आहे ना, तेवढं पाहून घ्या. शुद्धलेखन तपासनीस बंदच ठेवा.

फाइल अशी झाली की नकला काढणारा पायथन भाषेतला छोटा प्रोग्रॅम मी लिहून देतो. पुढे कधी अभ्यासकांसाठी जपायचं ठरलं तर टीईआय नावाची एक्सएमएल पद्धत आहे. तिच्यात नाटकातला बोलणारा, संवाद आणि रंगसूचना यांना स्वतंत्र खुणा आहेत. आज त्यात शिरू नका.

धागाकर्ती

दादा, फार आभार. काल पहिला अंक झाला. नावं एकेक घेतली तेव्हा कळलं की ‘पाटील’ तीन तऱ्हांनी लिहिलाय : पाटील, पाटिल, पा. तिन्ही एक केले, नाहीतर पाटलाच्या तीन नकला निघाल्या असत्या.

एकच अडलं. दुसऱ्या अंकात ‘सगळे’ असं नाव आहे, आणि एका जागी ‘दोघी’. @सगळे लिहिलं तर ते वाक्य कोणाच्या वहीत जाईल? त्या प्रवेशात पाटील नसतो, त्याच्या नकलेत ते यायला नको.

प्रतिसाद

@सगळे तसंच राहू द्या. प्रत्येक प्रवेशाच्या ## ओळीखाली मंचावर कोण आहेत ती नावं [[ ]] या कंसांत लिहा, फाउंटन त्याला टीप समजतो, छापत नाही. ‘दोघी’ असेल तिथेही वर तशीच टीप देऊन त्या दोघींची नावं लिहा. प्रोग्रॅम तिथून वाचेल.