जुन्या ऑक्टाव्हियाचे मागचे कॅलिपर: लॉराचे मोठे बसवावेत की आहेत तेच नीट करावेत?

घणसोलीकर

गाडी स्कोडा ऑक्टाव्हिया, पहिली पिढी, १.९ टीडीआय, २००७, एमएच-४३ पासिंग. मागे डिस्क ब्रेक.

पावसाळ्यात आठवडाभर बेसमेंटला उभी राहिली की पहिल्यांदा हलवताना मागून "टक्" आवाज येतो आणि मगच चाक सुटतं. वाशीपर्यंत जाऊन आलं की मागचं डावं चाक हात लावू नये इतकं तापलेलं असतं, उजवं नुसतं कोमट. हँडब्रेक आठ क्लिक ओढावा लागतो, तरी बेलापूरच्या पारसिक हिलच्या चढावर गाडी मागे सरकते. मध्ये एकदा केबल ताणून घेतली. पंधरा दिवस बरं होतं, मग पुन्हा तेच.

मेकॅनिक म्हणतोय दोन्ही मागचे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे भाग) बदला. बदलायचेच असतील तर कुर्ल्याला सीएसटी रोडवर लॉराचे (ऑक्टाव्हियाच्या दुसऱ्या पिढीचे) जुने मोठे कॅलिपर बघून तेच बसवावेत असं डोक्यात आहे. डिस्क-पॅड धरून बजेट पंधरा हजार. आणि हो, कॅलिपरला लाल रंग द्यायचाय. हसू नका.

---

गोटीपाना१३

हसलो. आता कामाचं.

कॅलिपर घ्यायच्या आधी नेमकं काय जाम आहे ते शोधा. चाक धरून राहण्याची मागच्या बाजूला चार कारणं असतात आणि चारांचा खर्च वेगवेगळा आहे. गाडी सपाटीवर घ्या, पुढच्या चाकांना पुढून-मागून गुटके लावा, मागून उचलून जॅक स्टँडवर ठेवा (नुसत्या जॅकवर खाली हात घालू नका), हँडब्रेक सोडा आणि या क्रमाने बघा.

पहिलं, केबल. कॅलिपरच्या मागे हँडब्रेकचा छोटा लिव्हर असतो, त्यातून केबलचं टोक सोडवा. केबल सोडताच लिव्हर खट्कन मागे जाऊन स्टॉपवर टेकला तर लिव्हर निर्दोष, केबल आतून गंजलीय. सगळ्यात स्वस्त निदान हेच, आणि नेमकं हेच कोणी करत नाही.

दुसरं, लिव्हर. केबल काढूनही तो अर्ध्यातच थांबला आणि हाताने ढकलल्यावर गेला, तर लिव्हरच्या शाफ्टचं सील गेलंय. आत पाणी शिरून शाफ्ट गंजलाय.

तिसरं, होज, म्हणजे ब्रेक ऑइलची नळी. लिव्हर स्टॉपवर आहे तरी चाक धरतंय? ब्रेक दोन-तीनदा दाबून सोडा आणि ब्लीड निप्पल (कॅलिपरवरचा, हवा-ऑइल बाहेर काढायचा स्क्रू) अर्धा आटा उघडा. ब्रेक ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळं फिरलं तर प्रेशर अडकून होतं. पंधरा-वीस वर्षांचा रबरी होज आतून फुगतो, पायाच्या जोराने ऑइल पुढे जातं पण परत येत नाही.

चौथं, स्लाइड पिन, म्हणजे कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या. पॅड काढून बघा. आतला (पिस्टनकडचा) पॅड संपलाय आणि बाहेरचा जाड आहे, किंवा एकच पॅड तिरका झिजलाय, तर पिन जाम आहेत. दोन्ही पॅड सारखेच झिजलेत पण फक्त एकाच चाकाचे, तर पुन्हा दुसऱ्या मुद्द्याकडे.

आता "पंधरा दिवस बरं होतं" बद्दल. या कॅलिपरमध्ये पॅड झिजेल तसा पिस्टन पुढे सरकवणारा ऑटो ॲडजस्टर आत असतो. हँडब्रेक सोडल्यावर लिव्हर पूर्ण स्टॉपवर परत आला तरच तो काम करतो. केबल ताणली की हँडब्रेक तात्पुरता वर येतो, पण लिव्हर स्टॉपवरून उचललेला राहतो, ॲडजस्टर बंद पडतो, पॅड झिजत जातात आणि क्लिक वाढतात. मग परत केबल ताणायची. केबल ताणणं हा इलाज नाही, तोच आजार आहे.

---

वागळेचा_लेथ

मोठ्या कॅलिपरबद्दल. हिशोब मांडूनच बघा ना.

या गाड्यांना मागे बहुतेक २३२×९ मिमीची सॉलिड डिस्क आणि ३८ मिमी पिस्टन असतो. काही व्हेरियंटना २३९ ची डिस्क असते, म्हणून ऑर्डर देण्याआधी व्हर्नियर लावून मोजा. ३८ ऐवजी ४१ चा पिस्टन घातला तर क्षेत्रफळ १४४४ विरुद्ध १६८१ या प्रमाणात वाढतं, म्हणजे त्याच पेडलला मागे १६ टक्के जास्त पकड. त्यात डिस्क २५६ ची केली की त्रिज्येमुळे वर आणखी बारा टक्क्यांच्या आसपास. मिळून मागचा ब्रेक जवळपास ३० टक्के वाढला आणि पुढचा होता तिथेच राहिला.

ब्रेक दाबला की वजन पुढे जातं, मागचं टोक हलकं होतं. ओल्या रस्त्यावर पहिलं लॉक होणार मागचं चाक, आणि मागचं लॉक झालं की गाडी सरळ थांबत नाही, फिरते. तुमच्या गाडीत एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आणि ईबीडी (पुढे-मागे ब्रेकचं प्रेशर वाटणारी) असेल तर ते मागचं प्रेशर कापून टाकेल, म्हणजे पैसे देऊन वाढवलेला ब्रेक कंप्युटर परत काढून घेणार. नसेल तर काम नशिबावर.

परदेशात याच प्लॅटफॉर्मच्या गोल्फ आर३२ सारख्या गाड्यांना कंपनीनेच मागे २५६×२२ ची व्हेंटिलेटेड डिस्क दिली होती. पण तिथे पुढची डिस्कही त्या मापाने मोठी होती. जोडी असते ती.

लॉराचं तर मागचं सस्पेन्शनच वेगळं आहे, मल्टिलिंक. कॅरियर (कॅलिपर धरणारा ब्रॅकेट) सरळ बसत नाही, मध्ये ॲडॅप्टर प्लेट लागते. माइल्ड स्टीलची पट्टी ड्रिल करून असली प्लेट करून देणारे मिळतील. ब्रेकचा सगळा पीळ त्या दोन बोल्टवर येतो, आम्ही असलं काम परत पाठवतो. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल चालू देत नाही.

आता डिस्क. ९ मिमीच्या डिस्कची झीज-मर्यादा ७ मिमी. मागची डिस्क काम कमी करते म्हणून आपल्या खाडीच्या दमट हवेत झिजण्याआधी गंजून जाते. पॅड फिरतो तो पट्टा चकचकीत आणि बाजूला खडबडीत तपकिरी कडा, असं दिसेल. लेथवर मारून ७.५ च्या वर राहत असेल तरच मारा, नाहीतर नवी जोडी घ्या. एकच डिस्क बदलायची नाही.

---

घणसोलीकर

आज केबल सोडून बघितली. डावा लिव्हर अर्ध्यातच थांबला, हाताने ढकलला तर गेला. उजवा लगेच टेकला. डाव्या बाजूला आतला पॅड जेमतेम ३ मिमी, बाहेरचा ७. म्हणजे लिव्हर आणि पिन दोन्ही? लॉराचा विचार सोडला. दोन्ही कॅलिपर नवे घेऊ का?

---

गोटीपाना१३

डावीकडे दोन्ही. उजव्याला सील किट आणि पिन पुरेसं आहे.

सील किटमध्ये पिस्टनचं चौकोनी सील आणि डस्ट बूट (धूळ-पाणी अडवणारं रबर) येतो, काही शे रुपयांची गोष्ट. पिस्टन काढताना पाठीमागून ठोकू नका. तो आत स्क्रूवर असतो, वाइंड-बॅक टूलने उलटा फिरवून बाहेर काढा. पिस्टनच्या क्रोमवर सील बसतं त्या पट्ट्यात नखाला लागेल असा खड्डा असेल तर पिस्टन बाद, पॉलिश पेपर घासून चालत नाही. नवं सील ताज्या ब्रेक ऑइलमध्ये भिजवून बसवा. सगळे पार्ट धुवायला मेकॅनिक पेट्रोल किंवा रॉकेल घेतो, तिथेच थांबवा. पेट्रोलियमने ब्रेकचं रबर फुगतं आणि महिन्याभरात कॅलिपर परत धरतो. ब्रेक क्लीनर किंवा ब्रेक ऑइलच वापरा. स्लाइड पिनलासुद्धा सिलिकॉन ग्रीस, चाकाच्या बेअरिंगचं नाही.

डाव्याचा शाफ्ट. बोअरच्या तळाशी स्प्रिंग दाबून धरणारं सर्कलिप (खाचेत बसणारी कडी) असतं, ते निघाल्याशिवाय शाफ्ट बाहेर येत नाही, आणि साध्या पकडीने ते निघत नाही. बाहेरून ऑइल मारून, लिव्हर शंभर वेळा हलवून तो सुटतो खरा, पण सील गेलेलंच असतं, पुढच्या जूनमध्ये पुन्हा हजर. म्हणून डावा कॅलिपर नवा, त्याच मापाचा, टीआरडब्ल्यूचा घ्या (या गाड्यांचे मागचे कॅलिपर मुळात लुकास/टीआरडब्ल्यूचेच). भंगारातला घेणार असाल तर दुकानातच लिव्हर ओढून सोडा. खट्कन परत आला नाही तर ठेवून या.

वाचलेल्या पैशात दोन्ही मागचे होज, पॅडचा सेट, दोन्हीकडच्या पिन आणि बूट, नवे तांब्याचे वॉशर, आणि डॉट ४ ब्रेक ऑइलच्या अर्ध्या लिटरच्या दोन सीलबंद बाटल्या. उघडी पडलेली बाटली वापरू नका. डॉट ४ चा उत्कलनबिंदू कोरडा किमान २३० अंश असतो आणि पाणी शोषल्यावरचा किमान १५५. आपल्या हवेत ते पाणी फार लवकर शोषतं.

बसवताना:

कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवू नका, तारेने स्प्रिंगला बांधा. कॅरियरचे बोल्ट ८ मिमी ॲलनचे आहेत आणि त्यांची खाच गंजाने भरलेली असते. आधी खाच टोकदार सुईने साफ करा, ॲलनची गोटी हातोडीने ठोकून पूर्ण आत बसवा, मगच जोर द्या. एकदा खाच गोल झाली की वेल्डिंगवाला शोधत फिरावं लागतं. परत बसवताना ६५ न्यूटन-मीटर. स्लाइड पिनचे १३ चे बोल्ट सोडताना पिन मागून १५ च्या पातळ फिक्स पान्याने धरायची, नाहीतर पिन फिरून बूट फाटतो. ते बोल्ट नवेच लावा, ३५ न्यूटन-मीटर. चाकाचे बोल्ट १२०.

पिस्टन आत ढकलायला जी-क्लॅम्प लावायचा नाही. दाबत-दाबत घड्याळाच्या दिशेने फिरवत आत न्यायचा. क्लॅम्पने आतले आटे तुटतात आणि नवाकोरा कॅलिपर त्याच दिवशी भंगारात जातो.

---

डिझेलकाका_ठाणे

गोटीपाना यांनी सगळं सांगितलंय, एअर (ब्रेकच्या लाइनमधली हवा) काढायचं राहिलं.

नवा कॅलिपर कोरडा येतो. गाडीवर चढवायच्या आधी टेबलावर आडवा ठेवा, निप्पल उघडा, होजच्या भोकातून ऑइल भरत राहा, बुडबुडे थांबले की निप्पल बंद. हे टाळलं तर गाडीवर तासभर पंपिंग करूनही पेडल मऊ लागतं.

कॅलिपर बसला की निप्पल वरच्या टोकाला आहे ना ते बघा. डावा उजवीकडे गेला तर निप्पल खाली येतो, हवा वर अडकते आणि लोक मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ऑइल ढकलणारा) बदलायला निघतात.

पंपिंग करताना पेडलखाली लाकडी गुटका ठेवा. जुन्या गाडीत पेडल रोज अर्ध्यापर्यंतच जातं, पुढच्या भागात सिलिंडरला गाळ आणि गंज साठलेला असतो. पेडल एकदा तळाला नेलं की मास्टरची सीलं तिथे घासून फाटतात. क्रम: मागचं उजवं, मागचं डावं, पुढचं उजवं, पुढचं डावं. ब्रेक ऑइलची टाकी मिनिममच्या खाली जाऊ द्यायची नाही, एबीएसच्या ब्लॉकमध्ये हवा गेली तर मग स्कॅनर लागतो.

रंग द्या की लाल. उष्णता सहन करणारा द्या, आणि पिस्टन, बूट, पिन, निप्पल, पॅड सरकतात त्या जागा टेप लावून झाका. बाजारात मिळणारी लाल प्लास्टिकची कव्हरं मात्र नकोत, गरमी धरून ठेवतात.

---

घणसोलीकर

शेवटचं. हँडब्रेक केबल कधी सेट करायची? मेकॅनिक म्हणतो आधीच ताणून घेऊ, म्हणजे परत कन्सोल उघडायला नको.

---

गोटीपाना१३

अजिबात नाही. केबल आधी पूर्ण ढिली. एअर काढून झाली की इंजिन बंद ठेवून पेडल तीस-चाळीस वेळा जोरात दाबा, त्यानेच ॲडजस्टर पिस्टन जागेवर आणतो. मग हँडब्रेक तीनदा पूर्ण ओढून सोडा. आता कन्सोलखालचा नट इतकाच आवळा की दोन्ही लिव्हर स्टॉपवरून नुकते हलायला लागतील, मग नट किंचित मागे घेऊन दोन्ही परत टेकलेत ते बघा. दोन्ही चाकं हाताने मोकळी फिरली पाहिजेत.

त्यानंतर नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून रिकाम्या रस्त्यावर ६० वरून २० पर्यंत आठ-दहा वेळा मध्यम ब्रेक, मध्ये थोडं अंतर सोडून, पूर्ण न थांबता. आणि बेसमेंटला आठवडाभर उभी करणार असाल तर गिअरमध्ये टाका, चाकाला वीट लावा आणि हँडब्रेक ओढू नका.