नेफ्रोस्टोम म्हणजे बाहेरचं छिद्र नव्हे

गांडुळाच्या शरीरात उत्सर्जनाचं काम करणाऱ्या बारीक नळ्या असतात, त्यांना नेफ्रिडिया (एकवचन नेफ्रिडियम) म्हणतात. नेफ्रोस्टोम म्हणजे या नळीचं शरीराबाहेर उघडणारं छिद्र, असा एक दावा वाचला; तो चूक आहे. ते छिद्र म्हणजे नेफ्रिडिओपोर. नेफ्रोस्टोम हे आतलं, देहगुहेत (आतडं आणि शरीरभिंत यांमधल्या पोकळीत) उघडणारं नरसाळं. ताज्या गांडुळाचं सेप्टल (शरीरखंडांमधल्या पडद्यावरचं) नेफ्रिडियम सौम्य मिठाच्या पाण्यात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बघाच. नरसाळ्याच्या काठावरच्या सिलियांची (केसांसारख्या सूक्ष्म तंतूंची) लयीत चाललेली सळसळ मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा नजर हलेना!

एक मुद्दा राहिलाय. फेरेटिमा या गांडुळांमध्ये नेफ्रिडिया तीन प्रकारची, पण नेफ्रोस्टोम फक्त सेप्टल नेफ्रिडियांना असतं. त्वचेतली आणि घशाजवळची नेफ्रिडिया त्याविनाच. शिवाय सेप्टल नेफ्रिडिया बाहेर न उघडता आतड्यात उघडतात, त्यामुळे पाणी पुन्हा शोषलं जाऊ शकतं. प्राणिशास्त्रज्ञ कर्म नारायण बहल यांनी ही रचना 1919 मध्ये मांडली.