मदत हवी आहे: कुत्रीला कॅन्सर, केमो द्यावी का?

कराडचा_बाळ्या: आमच्या चंपीला कॅन्सर निघालाय. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन नको, दर आठवड्याला एक केमोचं इंजेक्शन. आई म्हणते मुक्या जिवाचे हाल कशाला. उद्या सकाळी बोलावलंय. कुणी केलंय का? लवकर सांगा.

सदाशिव३०: कसला कॅन्सर? गाठ कुठे? वय? नसबंदी झालीय?

कराडचा_बाळ्या: चार-पाच वर्षांची असेल. गावठी. दिवाळीपर्यंत रस्त्यावरच होती. नसबंदी नाही.

लॅबची_आई: नसबंदी नाही म्हणजे स्तनाचीच गाठ. आमच्या राणीला होती. आधी छातीचा एक्स-रे काढा, फुप्फुसात पसरलंय का ते कळतं. मग सरळ ऑपरेशन आणि गाठ तपासणीला. केमो म्हणजे पैसे उकळायचे धंदे.

सदाशिव३०: ताई, गाठ कुठे ते त्यांनी अजून सांगितलंच नाहीये.

निसर्गमित्र: हळद आणि गोमूत्र. २१ दिवस. गॅरंटी.

कराडचा_बाळ्या: स्तनाला नाही हो. मागे, लघवीच्या जागी. लालभडक, फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी, हात लागला की रक्त. आम्ही महिनाभर माजावर आलीय समजून खाली जुनी चादर टाकत होतो.

शिरवळ_पासआउट: मग हे आधी सांगायचं ना! टीव्हीटी दिसतोय, म्हणजे कुत्र्यांच्या गुप्तांगाचा लागट कॅन्सर. भटक्या कुत्र्यांत कायम बघतो. मीलनातून, चाटण्या-हुंगण्यातून कॅन्सरच्या जिवंत पेशीच एकाकडून दुसऱ्याकडे जातात. गाठीचा काचपट्टीवर ठसा घेतला होता का, विचारा. तोच निघाला तर इंजेक्शन व्हिनक्रिस्टीनचं असणार. बहुधा चार ते सहा लागतात आणि बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. नुसती कापली तर बरेचदा परत येते.

लॅबची_आई: आमच्या डॉक्टरांना पंचवीस वर्षांचा अनुभव आहे. ते कापायलाच सांगतात.

शिरवळ_पासआउट: स्तनाची गाठ असेल तर मीही तेच सांगेन. ही ती नाही. बाळ्या, दर डोसआधी रक्त तपासा, पांढऱ्या पेशी उतरतात. औषध शिरेतूनच जायला हवं, बाहेर सांडलं तर तिथलं मांस सडतं. तेव्हा पाय घट्ट धरायला माणूस न्या.

बोकोबा: आमच्या पांढऱ्या बोक्याच्या कानाच्या टोकाला खपली आहे, महिना झाला भरत नाही. तोही कॅन्सर का?

शिरवळ_पासआउट: पांढऱ्या कानांना उन्हाने होऊ शकतो. दाखवून घ्या. आणि वेगळा धागा काढा.

निसर्गमित्र: हळद कानालाही चालते.

कराडचा_बाळ्या: ठसा घेतला होता, कागदावर टीव्हीटीच लिहिलंय. आईला वाचून दाखवलं, ती विचारतेय माणसाला लागतो का.

शिरवळ_पासआउट: नाही. फक्त इंजेक्शननंतर काही दिवस तिचं शी-शू हातमोजे घालून उचला, औषध त्यातून बाहेर पडतं.

कराडचा_बाळ्या: बरं. टायग्याला पण नेऊ का मग? तो दिवसभर तिला चाटत असतो.

सदाशिव३०: कोण टायग्या??