'बिहोल्ड'मधला 'होल्ड'

इंग्रजीतला 'बिहोल्ड' (behold) हा 'सी' (see, पाहणे) या क्रियापदाचाच जुना, काव्यात्म पर्याय आहे, असे म्हटले जाते. अर्थ म्हणून ते चालेल, पण या शब्दाचे मूळ पाहण्यात नसून धरण्यात आहे, हे येथे जोडावेसे वाटते. 'होल्ड'च्या जुन्या रूपाला 'बि' हा उपसर्ग लागून हे क्रियापद झाले. त्याचे जर्मन भावंड 'बेहाल्टन' आजही 'जवळ ठेवणे, राखणे' असेच सांगते. नजरेचा अर्थ रुजला तो इंग्रजीत. तो कसा रुजला असावा, याचा धागा मला गॉथिक या इंग्रजी-जर्मनच्या कुळातल्या, आता लुप्त झालेल्या भाषेत दिसतो, कारण तिथे 'हाल्डन' म्हणजे गुरे राखणे, आणि गुरे राखायची तर त्यांच्यावर डोळा ठेवावाच लागतो. (आपल्या 'राखण' या शब्दातही सांभाळणे आणि लक्ष ठेवणे वेगळे काढता येत नाही.) 'ऋणी' या अर्थाच्या 'बिहोल्डन'मध्ये मात्र जुने बांधलेपण टिकून आहे. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये (बायबलच्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात) 'बिहोल्ड' पुष्कळदा लक्ष वेधण्यासाठी, आपल्या 'पाहा'सारखा येतो. त्यामुळे सहज नजरेस पडण्याला हा शब्द वापरणे मला पटत नाही.