विषय: उत्तर: गणपती निधी – गावाला बोअर द्यायचा की नाही?

मंडळी, नमस्कार.

आपल्या मंडळाच्या यंदाच्या गणपती निधीतून संगमनेरच्या पठार भागातल्या एका गावाला बोअर मारून द्यायचं जवळपास ठरलं होतं. आता कार्यकारिणीतून सूचना आली आहे की हवामान बदलाचा विचार झाल्याशिवाय पैसे पाठवू नयेत. मला हे पटत नाही.

जर्मनीत चाळीस वर्षं राहून मी विकास मदतीच्या बातम्या वाचत आलो आहे. १९९२ च्या हवामान करारात 'नवा आणि जादा' पैसा असे शब्द होते. २००९ साली कोपनहेगनला श्रीमंत देशांनी २०२० पासून वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करायचं कबूल केलं. ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या हिशोबाप्रमाणे तो आकडा गाठला गेला २०२२ साली, त्यातही मोठा भाग कर्जाचा. सरकारांनी दिलेला बराचसा पैसा विकास मदतीतच मोजलेला. शाळा-दवाखान्यांच्या पैशावर हवामानाचा शिक्का मारला तर गरिबाच्या पदरात जादा काय पडलं? बाईच्या डोक्यावरचा हंडा उतरवू या. आपलं काम तेवढंच.

आपला,
बापू (कासेल)

---

बापूकाका, सा. न.

पैशाबद्दल तुम्ही लिहिलंत ते अगदी खरं आहे. ओईसीडीकडे माहिती देताना प्रत्येक प्रकल्पाला ०, १ किंवा २ असा हवामानाचा अंक लावतात. २ म्हणजे हवामान हाच मुख्य हेतू, १ म्हणजे इतर हेतूंबरोबर तोही एक. हा अंक मदत देणारा देशच लावतो, आणि १ लागला की किती रक्कम हवामानाच्या खात्यात धरायची हेही ज्याचं तो ठरवतो. तेव्हा पैशाचा हिशोब वेगळाच हवा, यावर मी तुमच्या बाजूने आहे.

गावातलं काम मात्र असं वेगळं काढता येत नाही. लग्न होऊन इकडे येण्याआधी मी संगमनेर तालुक्यातच पाणलोटाच्या, म्हणजे पावसाचं पाणी आणि माती जागीच अडवायच्या, कामावर होते. स्विस धर्मगुरू फादर बाखर यांच्या पुढाकाराने १९८९ साली सुरू झालेला भारत-जर्मन पाणलोट कार्यक्रम तो. पैसा केएफडब्ल्यू या जर्मन सरकारी बँकेचा, तांत्रिक मदत जीटीझेड या जर्मन सरकारी संस्थेची, भारतातली धुरा नाबार्ड या शेती-ग्रामविकासाच्या बँकेकडे. 'हवामान बदल' हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता. दरेवाडीत १९९६ ला काम सुरू झालं तेव्हा उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारं गाव होतं ते.

नियम एकच: माथा ते पायथा. आधी डोंगरावर उताराला आडवे सलग समतल चर, मग शेतांची बांधबंदिस्ती, सगळ्यात शेवटी नाला बांध. प्रत्येकाला आपल्या विहिरीजवळचा बांध आधी हवा असायचा. पण वरची माती उघडी राहिली तर दोन पावसात बांध गाळाने भरतो.

आणि चराईबंदी. तिच्याशिवाय चरांवर गवत टिकत नाही. ज्यांच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, चार शेळ्या-मेंढ्यांवरच घर चालतं, त्यांच्यासाठी त्या बंदीचा अर्थ काय होतो ते मी पाहिलंय. विहिरीला पाणी वाढलं ते विहीरवाल्याचं. डोंगर बंद झाला तो मेंढपाळाला. एक म्हातारी मला म्हणाली होती, "तुमचं गवत वाढस्तोवर माझ्या शेरडांनी काय खायचं?" त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढे डोंगर टप्प्याटप्प्याने बंद करायची रीत आली, तीही अशा भांडणांतूनच. ०-१-२ च्या अंकात ही म्हातारी कुठेच दिसत नाही, काका. मदतीत हवामान मिसळायचं तर पहिला प्रश्न हा हवा, की त्याची किंमत गावातलं कोण मोजणार.

२००९ च्या सुमाराला नाबार्ड आणि स्विस विकास संस्थेच्या मदतीने संगमनेर आणि अकोले तालुक्यांत हवामानाशी जुळवून घेण्याचं काम सुरू झालं. गावाजवळ हवामान केंद्रं, त्यावरून पीक सल्ला, गावाच्या पाण्याचा ताळेबंद. याची गरज का पडली? बांधाचा सांडवा, म्हणजे जादा पाणी जायची वाट, किती रुंद ठेवायचा हे मागच्या पावसाच्या आकड्यांवरून ठरतं. महिन्याचा पाऊस दोन दिवसांत कोसळला तर तो सांडवा पुरत नाही, बांध फुटतो. मग खंड पडला की पीक करपतं.

आता बोअर. आपला दख्खनचा काळा पाषाण पाणी धरतो तो वरच्या मुरमात आणि फटींत. खोल बोअर मारला की शेजारच्या उथळ विहिरी आटू शकतात, आणि ज्याच्याकडे पैसा तो आणखी खोल जातो. हंडा या बाईच्या डोक्यावरून उतरून त्या बाईच्या डोक्यावर जाईल.

म्हणून माझं म्हणणं: जुन्या नाला बांधांतला गाळ काढायला आणि सांडवे रुंद करायला पैसे द्यावेत. एक पर्जन्यमापक आणि विहिरींची पाणीपातळी दर पंधरा दिवसांनी मोजायची सोय करावी, म्हणजे रब्बीत काय पेरायचं ते ग्रामसभा ताळेबंद बघून ठरवेल. बिनजमीनवाल्या घरांसाठी दोन वर्षांच्या चाऱ्याची रक्कम राखून ठेवावी. आणि या उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याची ओढाताण झाली तर टँकरचे पैसे यातून न घेता आपण वेगळे जमवू.

मा. (बॉन)

---

मा.,

शेजारच्या विहिरींचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. बोअरचा आग्रह मी सोडतो. चाऱ्याची रक्कम आधी बाजूला काढा आणि तिचा हिशोब स्वतंत्र ठेवा. टँकरसाठी माझे दोनशे युरो धरा.

रविवारी चार वाजता ऑनलाइन बैठक घेऊ, भारतात तेव्हा साडेसात होतील. सरपंचांना जोडून घे, आणि मेंढ्या राखणाऱ्यांपैकीही कुणालातरी बोलाव. येताना सांडव्यांची मापं घेऊन यायला सांग.

बापू