पंचगंगेकाठची सायकल फेरी: तुम्हाला काय दिसलं?

गेल्या रविवारी पहाटे आम्ही बाराजण कोल्हापूरच्या पंचगंगा घाटावरून सायकली घेऊन निघालो. कसबा बावडा, राजाराम बंधारा, पलीकडं वडणगे आणि शिवाजी पुलावरून परत. सगळ्यात सावकाश चालवणारा पुढं, एवढाच नियम. गाडीवरून शंभरदा ओलांडलेली नदी, पण ऊस, गूळ, साखर, कापड या सगळ्यामागं तीच आहे हे त्या दिवशी नीट उमगलं. बरोबर आलेल्यांनी आणि कधीही काठानं फिरलेल्यांनी आपापलं सांगा.

*

मी बावड्याचा. बंधाऱ्यावर सगळ्यांना थांबवलं ते मीच. पुण्याच्या पाहुण्यांना वाटलं, हे छोटं धरण. तसं नाही. दगडी खांब आणि त्यांच्या खाचांत बसवायचे बर्गे, म्हणजे आडव्या फळ्या, हा कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. पावसाळा सरला की बर्गे घालून पाणी अडवायचं, पुढच्या पावसाआधी काढायचे. त्या पाण्यावर ऊस उन्हाळा काढतो, आणि ऊस आहे म्हणून बावड्याचा साखर कारखाना. पावसाळ्यात आमच्या घरी सकाळी पहिला प्रश्न, "पाणी किती फुटांवर?" ३९ ला इशारा, ४३ ला धोका. २०१९ ला तर पन्नाशी ओलांडली. आईनं देव पिशवीत घातले आणि आम्ही पाहुण्यांकडं गेलो.

*

वडणग्याच्या पुढं गुऱ्हाळाचा धूर दिसला आणि मी ब्रेक दाबला. तीस वर्षांनी सायकल हातात घेतली होती, धाप लागली होती, पण थांबले ते वासानं. काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत, रस उकळत होता. भेंडीचं चिकट पाणी घातलं की मळी वर येते, ती झाऱ्यानं काढत होते. खाली चुलवाणात त्याच उसाची वाळलेली चिपाडं. गुळव्या मामांना विचारलं, पाक झाला हे कळतं कसं? त्यांनी थेंबभर पाक गार पाण्यात सोडला, बोटांनी गोळी वळली आणि मान हलवली. "ताई, अजून नाही. बसा निवांत." अख्खा घोळका तासभर बसला, कुणी घड्याळ बघितलं नाही. पाक झाला, काहील गूळ गार करायच्या वाफ्यात ओतली, आणि कोमट गूळ शेंगदाण्यांबरोबर हातावर आला. माझ्या माहेरचं गुऱ्हाळ बंद होऊन बरीच वर्षं झाली. तिथं मला रडू आलं, ते कुणापासून लपवलं नाही.

*

मी इचलकरंजीचा, नदीच्या खालच्या अंगाचा. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी आमच्याकडं पहिला यंत्रमाग आणला. त्याच खटखटीवर माझं शिक्षण झालं. पण वडील ज्या डोहात पोहायला शिकले, त्यात मी आजवर पाय बुडवलेला नाही. उन्हाळ्यात पाणी काळं पडतं, वर जलपर्णी. एकदा आमच्या बाजूनंही फेरी काढा. बघायला हवं सगळ्यांनी.

*

शाहू मिल, म्हणजे कोल्हापूरची कापड गिरणी, नदीवर नाही, कोटीतीर्थाच्या कडेला आहे, तरी सांगते. १९०६ साली शाहू महाराजांनी ती काढली. आजोबा साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. भोंगा झाला की आजी तव्यावर भाकरी टाकायची आणि आई डबा घेऊन पळायची. पुढची फेरी मिलच्या दारातून निघणार असेल तर कळवा, आईला रिक्षानं घेऊन येते. आजोबांचा बिल्ला अजून तिच्या ट्रंकेत आहे.